तळणीविना करंज्या : डीहायड्रेटरचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, मी पाच ट्रेंचा ५०० वॅटचा डीहायड्रेटर, म्हणजे कोमट वाऱ्याने पदार्थ वाळवणारे यंत्र, घेतला. न तळता, न भाजता आणि दूध-तुपाचा स्पर्श न होऊ देता तिखट सारणाच्या करंज्या कराव्यात, एवढाच हेतू होता. कच्चा वीगन आहार घेणारे, म्हणजे प्राणिजन्य पदार्थ टाळून अन्न न शिजवता खाणारे, पदार्थाचे तापमान साधारणपणे ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देत नाहीत आणि घरातला ओव्हन इतक्या खाली सहसा स्थिर राहत नाही, म्हणून हे यंत्र.

पहिले दोन महिने माझ्याच हट्टापायी वाया गेले. मैद्याची पारी खुसखुशीत होते ती मोहनामुळे आणि तळणीतल्या उष्णतेमुळे. ४५ अंशांच्या वाऱ्यात केवळ पाणी उडते आणि उरते ती चिवट पापडी. ती घडी घालताना नेमकी मध्यावर तडकते. मग जानेवारीत डब्यातल्या उरल्यासुरल्या आंबापोळीची गुंडाळी उलगडताना लक्षात आले की आपल्याला हवी आहे ती हीच लवचीकता, आणि ती साधण्याचे तंत्र आपल्याकडे प्रत्येक अंगणात उन्हात वाळत असते.

तेव्हापासून पारीसाठी दोन वाट्या शहाळ्याची मलई, दोन चमचे जवसाची पूड, थोडा ओवा आणि मीठ एवढेच घेते. जवस ओला झाला की बुळबुळीत चिकटपणा सोडतो आणि तोच मलईला धरून ठेवतो. मिक्सरमधून काढलेले हे मिश्रण बटर पेपरवर दोन-तीन मिलिमीटर जाडीने पसरावे, चार तासांनी उलटावे आणि बोटाला चिकटेनासे झाले की लगेच बाहेर काढावे. अर्धा तास जास्त झाला तरी पुन्हा पापडी! वाटीने गोल कापून, कडेला पाण्याचे बोट फिरवून दाबले की कड मिटते आणि कातणही व्यवस्थित चालते. मलई पातळ असेल, म्हणजे शहाळे फार कोवळे असेल, तर मात्र पारीला भोके पडतात, त्यामुळे नारळवाल्याला ‘जरा जून दे’ असे सांगावे लागते.

सारणाबाबत कोकणात राहणाऱ्याने तक्रार करू नये. बाजारातले पांढरे काजू कच्चे म्हणून विकले जात असले, तरी कवच फोडण्यापूर्वी बिया वाफवलेल्या किंवा भाजलेल्या असतात, ही गोष्ट नियम काटेकोरपणे पाळणाऱ्याने लक्षात ठेवावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळणारे ओले काजूगर हा त्यावरचा आमचा घरचा उपाय आहे, मात्र साल काढायला ते उकळत्या पाण्यात टाकण्याची सवय सोडून कोमट पाणी घ्यावे लागते. त्यात ओले खोबरे, आले, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कोकमाचे थोडे आगळ. हिवाळ्यात काजूगरांऐवजी कोवळे मटार चालतात. सारण भरून करंजी पुन्हा यंत्रात ठेवणे मी बंद केले आहे, कारण ओलसर सारण तासन्‌तास कोमट हवेत राहिले, तर जिवाणूंना ते नेमके मानवते. पारी आधी वाळवावी, सारण आयत्या वेळी भरावे आणि त्याच दिवशी संपवावे.

यंत्राची खरी उणीव त्याच्या तापमान ठरवायच्या तबकडीत आहे. ती ४५ वर असताना वेगळ्या थर्मामीटरने वरच्या ट्रेवर ५३ आणि खालच्या ट्रेवर ४१ अंश दाखवले. विक्रेत्याला दोनदा कळवूनही उत्तर आलेले नाही. आता मी तबकडी ४० वर ठेवते आणि दर दोन तासांनी ट्रे खाली-वर करते, त्यामुळे रात्रभर लावून निश्चिंत झोपण्याची सोय उरलेली नाही.

जूनपासून तर सगळे गणितच बदलले. यंत्र खोलीतलीच हवा आत ओढते आणि आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ती हवाच ओलीचिंब असते. त्यामुळे सहा तासांत होणारी पारी अकरा तासांनीही चिकटच राहिली, मध्येच वीज गेली तेव्हा सगळा घाणा आंबला आणि वाळलेली पारी डब्याबाहेर पाऊण तासात सादळली. जुलैनंतर मी प्रयत्न सोडला.

याउलट एप्रिलच्या उन्हात, सुपावर मलमल टाकून गच्चीवर वाळवलेली पारी संध्याकाळपर्यंत यंत्रातल्या पारीइतकीच चांगली झाली होती, आणि तीही विजेविना. सासूबाईंनी ती चाखून ‘ही करंजी नव्हे, पण अजून एक दे’ असे म्हटले.