रोमच्या सैनिक-सम्राटांचा नाणेसंच: घेण्याजोगा, पण माहितीपत्रे तपासून

रोमच्या सैनिक-सम्राटांच्या सहा अस्सल नाण्यांचा संच मी एका नाणेविक्रेत्याकडून 240 युरोंना मागवला आणि गेला महिनाभर रोज संध्याकाळी तो भिंगाखाली घेऊन बसतो आहे. इ.स. 235 ते 284 या अर्धशतकात रोमला वीसहून अधिक सम्राट लाभले. त्यांतल्या अनेकांना सैन्यानेच छावणीत उभे केले आणि सैन्यानेच मारले. या काळाचा सलग, विश्वासार्ह लिखित इतिहास फारच तुटपुंजा असल्यामुळे सम्राटाला लोकांना, आणि विशेषतः शिपायांना, काय सांगायचे होते हे नाण्यांइतके थेट दुसरे कोणी सांगत नाही.

संचातले पहिले नाणे मॅक्सिमिनस थ्रॅक्सचा चांदीचा डिनारियस आहे. आम्ही फ्रँकफर्टला राहतो. इथून रेल्वेने जेमतेम पाऊण तासावर असलेल्या माइन्झच्या परिसरात 235 साली सैनिकांनी सेव्हेरस अलेक्झांडर या तरुण सम्राटाला त्याच्या आईसह ठार केले आणि साध्या शिपायापासून वर चढलेल्या मॅक्सिमिनसला गादीवर बसवले, म्हणून या नाण्याविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो. दर्शनी बाजूला पुढे आलेली भक्कम हनुवटी आहे. मागे दोन्ही हातांत सैन्याची निशाणे धरलेली निष्ठादेवी उभी असून भोवती ‘फिडेस मिलिटम’, म्हणजे ‘सैनिकांची निष्ठा’, ही अक्षरे एकही न झिजता उतरली आहेत. हा सम्राट राज्यावर असताना रोममध्ये एकदाही गेला नाही आणि 238 मध्ये उत्तर इटलीतल्या अक्विलेया शहराच्या वेढ्यात उपासमारीने त्रासलेल्या त्याच्याच सैनिकांनी त्याचा मुलासह जीव घेतला. हे ठाऊक असताना ती अक्षरे वाचली की मन थबकते.

गॅलिएनसचे नाणे सामान्य प्रतीचे आहे. तो सिनेटरच्या घराण्यातला, त्यामुळे शब्दशः सैनिक-सम्राट नव्हे; तरी त्याला वगळले असते तर चांदीची घसरण दिसली नसती. मॅक्सिमिनसच्या डिनारियसमध्ये निम्म्याच्या आसपास चांदी आहे, तर गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत ते प्रमाण शंभरात पाच भागांच्याही खाली गेले होते. दोन्ही नाणी शेजारी ठेवली की हिणकस धातूचा तपकिरी रंग नुसत्या डोळ्यांनी कळतो.

माझी खरी तक्रार क्लॉडियस दुसरा याच्या नाण्याविषयी आहे. सोबतच्या माहितीपत्रावर त्याची टाकसाळीची वर्षे 268 ते 270, म्हणजे त्याच्या कारकिर्दीची, दिली आहेत. नाण्यावर मात्र ‘दिवो क्लॉडिओ’ असे स्वच्छ लिहिलेले असून मागे धगधगती वेदी आहे. ‘दिवो’ हा आपल्या ‘देव’ शब्दाचा दूरचा भाऊबंद. मरणोत्तर देवपद मिळालेल्या सम्राटालाच तो लावतात, त्यामुळे हे नाणे तो साथीच्या रोगाने गेल्यानंतरचे आहे. शिवाय या प्रकाराच्या स्थानिक नकला त्या काळीच ढिगाने पाडल्या जात, आणि माझ्या नाण्याची ओबडधोबड अक्षरे पाहता ते त्यांपैकीच असावे. विक्रेत्याला कळवल्यावर त्याने चूक मान्य करून नवे माहितीपत्र पाठवले, पण नाणे बदलून दिले नाही.

ऑरेलियनचे नाणे गरजेपेक्षा जास्त घासले गेल्यामुळे त्यावरचा चांदीचा मुलामा फक्त अक्षरांच्या खाचांतून उरला आहे. तळाशी ‘एक्सएक्सआय’, म्हणजे रोमन आकड्यांत 21, ही खूण दिसते. वीस भाग तांब्याला एक भाग चांदी, असा तिचा अर्थ सर्वसाधारणपणे लावतात, आणि ती त्याच्या 274 सालच्या नाणेसुधारणेची निशाणी आहे. मागे सम्राट आणि एकदिलीची देवी हस्तांदोलन करत आहेत. रोमभोवती सुमारे 19 किलोमीटरचा तट उभारायला घेणारा, सीरियातल्या पाल्मिराची राणी झेनोबिया हिला हरवणारा आणि फुटून निघालेला गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सचा प्रदेश, परत आणणारा हा पुरुष 275 मध्ये स्वतःच्याच अधिकाऱ्यांच्या हातून मेला.

संपूर्ण संचाची किंमत एकट्या प्रोबसच्या नाण्याने वसूल केली, असे मी म्हणेन. डोक्यावर शिरस्त्राण, त्यावर किरणांचा मुकुट, खांद्यावर भाला, पुढे ढाल. ढालीच्या कडेचे ठिपकेसुद्धा मोजता येतात आणि रुपेरी मुलामा जवळजवळ अखंड आहे. नाण्यांवर इतक्या वेगवेगळ्या रूपांत स्वतःला मिरवणारा सम्राट त्या काळात दुसरा सापडणे कठीण.

शेवटचे नाणे डायोक्लेशियनचे, सुमारे दहा ग्रॅमचे, तळहातावर वजन जाणवणारे. डाल्मेशियातल्या साध्या घरातून आलेल्या या सेनाधिकाऱ्याला 284 मध्ये सैन्यानेच सम्राट केले. पण नाण्यावर सैनिकांचे नाव नाही, तिथे रोमन जनतेची रक्षकदेवता आहे. तो वीस वर्षे टिकला आणि 305 मध्ये आपण होऊन पायउतार झाला. संच मी परत करणार नाही. क्लॉडियसच्या हयातीतले नाणे मात्र दुसरीकडून घेऊन त्या जागी ठेवणार आहे.