वजन जास्त म्हणून गर्भपिशवीचं ऑपरेशन अडलंय : थांबावं, करून घ्यावं की दुसरा उपाय बघावा?

पाळीत अतोनात रक्त जातंय, सोनोग्राफीत गाठी दिसल्यात, आणि डॉक्टर सांगतात, "पहले पंद्रह-बीस किलो वजन कम कीजिए, फिर देखेंगे." माझ्या वहिनीला हे ऐकावं लागलं तेव्हा तिचं वय चव्वेचाळीस, वजन शंभराच्या वर आणि हिमोग्लोबिन ७.४ होतं. घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर सांगतात तर आधी वजन उतरव. भाऊ म्हणाला, डॉक्टर बदलू. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, आणि दोघांनीही एक गोष्ट विचारली नव्हती: थांबण्याची किंमत किती, आणि आत्ता करण्याची किती? इंदूरच्या दवाखान्यांतून तिच्यासोबत फिरताना आणि डॉक्टरांना खोदून विचारताना जे हाती लागलं, ते असाच निर्णय समोर असलेल्या बायकांसाठी मांडते आहे.

डॉक्टरांची धास्ती खोटी नसते, हे आधी मान्य करू. वजन जास्त असलं की भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाऊ शकतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरून डोकं खाली करून झोपवतात, तेव्हा फुप्फुसांवर जास्त दाब येतो. पोट उघडून केलं तर चरबीच्या जाड थरात टाके पिकण्याची, जखम उसवण्याची शक्यता वाढते. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोकाही वाढतो. जोडीला मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असला तर हिशेब आणखी बदलतो.

आपल्या देशात याच्या उलट आजारही मोठा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गरज नसताना होणाऱ्या अशा ऑपरेशनांना आळा घालायला राज्यांना सांगितलं. त्यामुळे जो डॉक्टर लगेच सुरी उचलत नाही त्याला वाईट ठरवू नये. पण थांबायला सांगताना त्यानं तुमच्या हाती दुसरं काही दिलं का, हे जरूर पाहावं. रक्त थांबवायचं औषध, लोह, तपासण्या, पुढची तारीख यांतलं काहीच न देता नुसतं "वजन कमी करा" म्हटलं असेल, तर तुम्हाला रिकाम्या हातांनी परत पाठवलंय.

त्यांना एक प्रश्न सरळ विचारावा: "डॉक्टर, तुम्हाला नेमकी काळजी कशाची वाटते?" भूल, साखर, जखम, की इथे तशी सोय नाही? पहिल्या तिन्हींवर तयारी करता येते. उत्तर चौथं असेल तर प्रश्न दवाखान्याचा आहे, मोठं हॉस्पिटल गाठायला हवं. आमच्या बाबतीत खरं उत्तर तेच निघालं. त्या नर्सिंग होममध्ये आयसीयू नव्हता आणि भूलतज्ज्ञ बाहेरून यायचे. हे पहिल्याच भेटीत सांगितलं असतं तर वहिनीचे कित्येक महिने वाचले असते आणि मनस्तापही.

आधी एक तपासणी, मग सगळी तुलना

पुढची सगळी तुलना एका अटीवर उभी आहे: पिशवीच्या अस्तरात काही गंभीर नाही ना, याची खात्री हवी. शरीरातली चरबी स्वतःच इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन तयार करते, आणि त्यानं पिशवीचं अस्तर वाढत राहतं. म्हणून वजन जास्त असलेल्या बायकांत अस्तराच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. म्हणजे ज्या वजनामुळे डॉक्टर थांबायला सांगतात, तेच वजन न तपासता थांबणं धोक्याचं करतं. पंचेचाळिशीच्या आसपास किंवा पुढे रक्तस्राव बिघडला असेल, किंवा वय कमी असूनही वजन, पीसीओडी, मधुमेह अशी जोड असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे. बारीक नळीनं तो पुष्कळदा ओपीडीतच घेता येतो. पाळी बंद झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी ही तपासणी टाळू नये.

या अहवालात कॅन्सर किंवा त्याच्या अलीकडच्या पेशी दिसल्या, तर "आधी वजन" हा पर्याय संपला. मग स्त्री-कॅन्सरचे सर्जन गाठायचे. अंडाशयाची संशयास्पद गाठही याच रांगेतली.

आधी वजन की आधी ऑपरेशन?

अहवाल साधा आला, तर खरी निवड इथून सुरू होते.

वजन आधी कमी करण्याच्या बाजूनं पुष्कळ आहे. शंभर किलोच्या बाईचं पाच-दहा किलो वजन उतरलं तरी साखर, रक्तदाब आणि श्वास यांत फरक पडतो. लघवी निसटण्याचा त्रास असेल तर तो वजनानंच बराच कमी होऊ शकतो. अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशनाला सहसा घाई नसते, आणि तिथे मी स्वतः वजनाला आधी वेळ दिला असता. मूल हवं असणाऱ्या तरुण मुलीलाही वजन उतरवण्याचा फायदा पुढे गरोदरपणात होतो, मात्र तिथे वय किती हातात आहे तेही बघावं लागतं.

पण गाठींमुळे रक्त जाणाऱ्या बाईचं गणित वेगळं. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वजन उतरण्याचा चांगला वेग. म्हणजे पंधरा-वीस किलोला सगळं सुरळीत गेलं तरी पाच-सहा महिने, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. तोवर दर पाळीला रक्त जातच राहतं. बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेलं की तो अ‍ॅनिमिया. वहिनीचं साडेसातच्याही खाली. सुदामा नगरातल्या तिच्या फ्लॅटचा दुसरा मजला चढताना ती प्रत्येक वळणावर कठड्याला धरून उभी राहायची, ओठ पांढरेफटक. तिला रोज पाऊण तास चाला म्हणून सांगायचं? पाय उचलत नाही म्हणून चालणं नाही, चालणं नाही म्हणून वजन उतरत नाही, वजन उतरत नाही म्हणून ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही म्हणून रक्त जातंय. हे चक्र रक्ताच्या बाजूनं तोडायचं असतं. दुसऱ्या डॉक्टरांनी हेच केलं. आधी रक्त कमी करणारी गोळी, शिरेतून लोह, आणि मग आहारतज्ज्ञाकडे चिठ्ठी. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्यावर वहिनी आपणहून संध्याकाळी फिरायला जाऊ लागली.

म्हणून माझं मत असं: थांबायचंच तर रक्त थांबवून थांबा, आणि किती थांबायचं ते ठरवून थांबा. तीन महिने, फार तर सहा. तेव्हा वजन, हिमोग्लोबिन आणि साखर जिथे असतील तिथून ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा, असं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. अमुक बीएमआयच्या (उंचीच्या मानानं वजनाचं माप) वर पिशवी काढताच येत नाही, असा सरसकट नियम नाही.

उपाशी राहून झटपट वजन पाडणं तर नकोच. प्रथिनं कमी पडली की ऑपरेशननंतर जखम भरत नाही. डाळ, दही, अंडी, पनीर ताटात वाढवा. सकाळचे पोहे बंद करायची गरज नाही, पण त्यावरची शेव आणि सोबतची जिलबी सोडावी लागेल. वजनाची इंजेक्शनंही आता भारतात मिळतात (टिर्झेपाटाइड मार्च २०२५ पासून, सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन जून २०२५ पासून). ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, आणि चालू असतील तर भूलतज्ज्ञांना न विसरता सांगायचं. या औषधांनी जठर उशिरा रिकामं होतं, त्यामुळे उपाशी असूनही पोटात अन्न राहून भूल देताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

पिशवी न काढता

खूप बायकांना हे पर्याय कुणी सांगतच नाही. मिरेना हे कॉपर-टीसारखं आत बसवायचं साधन, त्यातून लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन थोडं थोडं सुटतं. पिशवीची भिंत सुजलेली असेल किंवा गाठी लहान असतील तर पाळीचं रक्त फार कमी होतं, आणि अस्तरालाही संरक्षण मिळतं. जाड बाईसाठी तर ते दुहेरी कामाचं. अडचण अशी की पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात, आणि पुष्कळजणी तेवढ्यात कंटाळून काढून टाकतात. धीर धरायची तयारी असेल तरच बसवा. गाठी मोठ्या असून पिशवीचा आतला आकार बिघडला असेल तर ते टिकत नाही, निसटून पडतं.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या असतात. पायात गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर चालत नाहीत. गाठी आकसवणारी हार्मोनची इंजेक्शनं ऑपरेशनआधी काही महिने देतात, तेवढ्या काळात पाळी थांबून रक्त भरून निघतं. पण हाडं झिजतात, म्हणून कायम घ्यायची नाहीत. आणि भूल देणंच धोक्याचं असेल तर गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपाय आहे: मांडीतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून. हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात, त्यामुळे आपण विचारल्याशिवाय विषय निघत नाही. पुढे मूल हवं असेल तर मात्र सहसा हा मार्ग सुचवत नाहीत.

ऑपरेशन ठरलं तर कसं?

पोट उघडून, दुर्बिणीनं की खालून, म्हणजे योनीमार्गातून? वजन जास्त असलेल्या बाईनं इथे नीट विचार करावा. "जाड आहात म्हणून पोट उघडूनच करावं लागेल" असं पुष्कळदा ऐकायला मिळतं, पण टाके पिकण्याचा सगळ्यात जास्त त्रास तिथेच असतो. पिशवी फार मोठी नसेल आणि जागा असेल तर खालून काढणं चांगलं, पोटावर छेदच नाही. ते जमत नसेल तर अनुभवी हातांनी केलेली दुर्बीण. डोकं खाली केलेल्या स्थितीत श्वास टिकला नाही तर मध्येच पोट उघडावं लागू शकतं, ही शक्यता आधी समजून घ्यावी. सर्जनना निःसंकोच विचारा की माझ्याएवढ्या वजनाच्या बायकांची दुर्बिणीची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का. चांगला सर्जन या प्रश्नानं दुखावत नाही.

संमतीच्या कागदावर अंडाशयं ठेवणार की काढणार हे स्पष्ट लिहिलेलं हवं. एका गोष्टीसाठी घेतलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सांगितलं, आणि तो खटला नेमका पिशवी व अंडाशयं काढण्याचाच होता.

एक बारीक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. वहिनीचा रक्तदाब दर वेळी १६०च्या पुढे दाखवत होता आणि ऑपरेशनसाठीचा फिटनेसचा दाखला अडत होता. मोठ्या हॉस्पिटलातल्या सिस्टरनं दंडाला बांधायचा पट्टा हातात घेतला, तो दंडावर जेमतेम टेकतोय हे बघितलं, आणि काही न बोलता कपाटातून मोठ्या मापाचा काढून आणला. १३८. दंडाला लहान पडणारा पट्टा रक्तदाब खोटाच जास्त दाखवतो. तुमचाही दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, यात लाजण्यासारखं काही नाही. तसंच रात्री घोरता का, झोपेत दचकून उठता का, हे भूलतज्ज्ञांना सांगा. गुठळी टाळण्याची इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक यांचे डोस वजन बघून ठरतात, म्हणून वजन अंदाजे न सांगता तिथेच काट्यावर करून घ्या.

इंदूरातच की मुंबई-पुण्याला?

आपल्याकडे इंदूरच्या मराठी घरांत प्रत्येकाचं कुणी ना कुणी पुण्या-मुंबईला असतंच, आणि अवंतिका एक्सप्रेसनं संध्याकाळी निघालं की सकाळी मुंबई. त्यामुळे हा प्रश्न निघतोच. साध्या गाठींसाठी एवढं लांब जायची गरज मला वाटत नाही. आयसीयू, पूर्णवेळ भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी असलेली हॉस्पिटलं इंदूरात आहेत. खर्चाचा प्रश्न असेल तर एम.वाय. आणि एम.टी.एच. ही सरकारी रुग्णालयं आहेत. गर्दी आणि वाट बघणं सोसावं लागतं, पण तिथे सगळ्या विभागांचे डॉक्टर एका हाकेवर असतात. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राकडून (या योजनेचं काम बघणारा कर्मचारी) पक्कं करा.

कॅन्सर निघाला, किंवा इंदूरातल्या दोन मोठ्या ठिकाणी नाही म्हणाले, तर मात्र बाहेर जावं. जाताना आधीचे सगळे कागद न्या. मागितल्यावर ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तिकडे ऑपरेशन झालं तर लगेच रात्रभराच्या गाडीनं परतू नका. बसून-झोपून केलेल्या लांब प्रवासात गुठळीची भीती जास्त असते. बहिणीकडे, मावशीकडे काही दिवस राहून रोज थोडं थोडं चाला, टाके दाखवा, आणि काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल हातात घेऊनच निघा. तो यायला काही दिवस लागतात, आणि पुढे आणखी उपचार लागणार की नाही हे त्यावरच ठरतं.