वेन डायग्राम आठ महिने वापरल्यावर: सर्व्हेच्या गणितांसाठी खरंच कामाची आहे का?

शाळेत असताना वेन आकृतीशी माझा संबंध एवढाच होता की दोन गोल काढायचे, मधल्या भागात रेघा मारायच्या, खाली छेदसंच लिहायचं आणि मार्क घेऊन मोकळं व्हायचं. परत हात लावला तो आठ महिन्यांपूर्वी, ॲप्टिट्यूड टेस्टच्या तयारीला. इतक्यांना हे आवडतं, तितक्यांना ते, दोन्ही आवडणारे एवढे, तर काहीच न आवडणारे किती, हा जो प्रकार असतो ना तो मला दरवेळी गंडवायचा. मग ठरवलं की या टाइपचं एकही गणित गोल काढल्याशिवाय सोडवायचं नाही. पुढे ऑफिसात एका सर्व्हेचं काम गळ्यात पडलं आणि तिथेही तेच गोल वापरले, म्हणून हा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे.

आधी एक उदाहरण देते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. १२० लोकांना विचारलं. गाणी आवडणारे ७०, सिनेमा आवडणारे ६०, पुस्तकं आवडणारे ५०. गाणी आणि सिनेमा ३०, सिनेमा आणि पुस्तकं २०, गाणी आणि पुस्तकं २५. तिन्ही आवडणारे १०. मी पहिल्या दिवशी काय केलं, तर ७० वाचलं की गाण्यांच्या गोलात ७०, ६० वाचलं की सिनेमाच्या गोलात ६०, जसं येईल तसं भरत गेले आणि शेवटी वहीत नुसती खाडाखोड. कारण ७० हा आकडा गोलाच्या एका तुकड्याचा नाहीच, तो अख्ख्या गोलाचा आहे, आणि त्या गोलात चार तुकडे आहेत.

मधून सुरू करायचं, जिथे तिन्ही गोल एकमेकांवर येतात. सगळ्यात आत १०. मग गाणी-सिनेमाच्या पाकळीत (म्हणजे फक्त या दोनच गोलांच्या सामाईक तुकड्यात) ३० नाही, ३० वजा १० म्हणजे २०. सिनेमा-पुस्तकं १०. गाणी-पुस्तकं १५. आता फक्त गाणी म्हणजे ७० मधून २०, १५ आणि १० गेले, राहिले २५. तसंच फक्त सिनेमा २०, फक्त पुस्तकं १५. सगळ्या तुकड्यांची बेरीज ११५, म्हणजे गोलांच्या बाहेर, पण १२० जणांच्या चौकटीत, ५. एकदा हे सात तुकडे आणि बाहेरचा एक भरला की मग काहीही विचारा, नेमकं एकच आवडणारे किती (६०), नेमक्या दोन गोष्टी आवडणारे किती (४५), गाणी आवडतात पण सिनेमा नाही असे किती (४०), उत्तर समोर लिहिलेलंच असतं. फॉर्म्युल्यानं (तिन्ही आकड्यांची बेरीज, वजा तिन्ही जोड्या, अधिक तिन्ही आवडणारे) ११५ येतं हो, पण पुढचा प्रत्येक उपप्रश्न आला की परत नव्याने डोकं लावावं लागतं.

पण माझ्या मते गोलांचा खरा फायदा वेगळाच आहे, आणि तो मला चुकून कळला. दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात हेच गणित घाईत सोडवताना मी गाणी आणि सिनेमा ३० म्हणजे 'फक्त ही दोनच आवडणारे ३०' असं धरलं आणि पाकळ्यांमध्ये सरळ ३०, २०, २५ टाकले. फक्त गाणी आले ५. फक्त सिनेमा शून्य, म्हटलं असेल बाबा. फक्त पुस्तकं आले उणे ५! उणे पाच माणसं पुस्तकं वाचतायत. हसू पण आलं आणि तिथेच कळलं की गणित चुकलेलं नाही, वाक्य चुकीचं वाचलंय. 'गाणी आणि सिनेमा आवडणारे' यात तिन्ही आवडणारे पण येतात, 'फक्त गाणी आणि सिनेमा' यात नाही येत. तेव्हापासून पेन्सिल हातात घेतली की आधी 'फक्त', 'नेमके', 'किमान' हे शब्द गोल करते आणि मग खरे गोल काढते. मात्र दरवेळी उणे येऊन तुम्हाला वाचवेल असं समजू नका, आकडे जरा मोठे असले तर चुकीचं वाचूनसुद्धा सगळं धन येतं आणि उत्तर आरामात चुकतं.

थोडं विषयांतर. हे गोल ज्यांच्या नावानं ओळखले जातात त्या जॉन वेन यांनी १८८० च्या लेखात ही पद्धत मांडली, पण गोल काढून तर्क दाखवायची कल्पना त्यांच्या आधीची, गणितज्ञ ऑयलर यांनी १८ व्या शतकात तसे गोल वापरले होते. फरक असा की ऑयलरच्या पद्धतीत जे तुकडे खरंच असतील तेवढेच काढायचे, वेनच्या पद्धतीत सगळे शक्य तुकडे आधी काढायचे आणि मग रिकामे कोणते ते दाखवायचं. मला हे वाचून वाटलेलं की आपल्याला काय करायचंय त्याचं. पण गणितात जेव्हा 'पुस्तकं आवडणाऱ्या प्रत्येकाला सिनेमाही आवडतो' असं आलं तेव्हा मी पुस्तकांचा गोल सिनेमाच्या गोलात कोंबला, गाण्यांच्या गोलाचं काय करायचं ते सुचेना आणि पाच मिनिटं गेली. आता तेच तीन नेहमीचे गोल ठेवते आणि पुस्तकांच्या गोलातले सिनेमाबाहेरचे जे दोन तुकडे आहेत त्यात ० लिहून टाकते, संपला विषय.

ऑफिसातल्या सर्व्हेत मजा वेगळी होती. एका प्रश्नाला 'लागू असतील ते सगळे पर्याय निवडा' असं होतं. टक्केवारीची बेरीज १५० च्या आसपास गेली आणि टीममधल्या एकानं शीट परत पाठवलं, टोटल चुकली म्हणून. त्याला वरचंच उदाहरण काढून दाखवलं, ७०, ६०, ५० मिळून १८० उत्तरं पण माणसं १२०, तर १५०% च येणार, कारण दोन आवडणारा दोनदा मोजला गेलाय आणि तिन्ही आवडणारा तीनदा. ६० एकदा, ४५ दोनदा, १० तीनदा, करा बेरीज, १८०. ते त्याला पटलं. मग सरांनी विचारलं की सिनेमाचा गोल गाण्यांएवढाच का काढलाय, त्यांना वाटलं गोलाचा आकार आकड्याप्रमाणे असतो. साध्या वेन डायग्राममध्ये तसं नसतं, आकड्याचं काम आकडाच करतो, पण प्रेझेंटेशनमध्ये बघणारा आधी आकारच बघतो हेही खरंय, त्यामुळे दुसऱ्यांना दाखवायला मी आता हे गोल वापरत नाही, स्वतःपुरते वहीत ठेवते.

बाहेरच्या ५ बद्दल पण सांगायला हवं. पुस्तकातल्या गणितात बाहेरचे म्हणजे काहीच न आवडणारे. खऱ्या फॉर्ममध्ये कोरी जागा सोडणारे पण तिथेच जाऊन बसतात, आणि 'काहीच आवडत नाही' आणि 'उत्तरच दिलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही 'यापैकी काहीही नाही' असा पर्यायच ठेवला नव्हता, त्यामुळे ते वेगळं काढताच आलं नाही. हा दोष डायग्रामचा नाही, आमचा.

डायग्रामचा दोष म्हणजे चौथा पर्याय. चार गोष्टी असल्या की १६ भाग लागतात (बाहेरचा धरून) आणि चार गोल कसेही काढा, जास्तीत जास्त १४ च भाग होतात. मला हे माहीत नव्हतं, मी एक अख्खी संध्याकाळ चौथा गोल सरकवत बसले, दरवेळी कुठलीतरी एक जोडी गायब, वाटलं आपलंच ड्रॉइंग वाईट. वेन यांनी स्वतः चारसाठी लंबवर्तुळं वापरली होती, ती मी काढून बघितली, पण त्या चिंचोळ्या फटीत आकडे लिहायचे म्हणजे डोळ्यांचे हाल. चारला मी सरळ चार बाय चारचा तक्ता करते. आणि खरं सांगायचं तर दोनच गोष्टी असतील तरी हो-नाहीचा छोटा तक्ता जास्त पटकन होतो. म्हणजे गोलांची खरी मजा तीनलाच.

कमीत कमी, जास्तीत जास्तवाले प्रश्न हा दुसरा त्रास. १०० पैकी ७०, ७५ आणि ८० जणांना तीन गोष्टी आवडतात, तर तिन्ही आवडणारे कमीत कमी किती? गोल काढून नुसतं बघत बसाल. इथे नाही म्हणणारे मोजायचे, ३०, २५, २०, सगळे वेगवेगळे धरले तरी ७५, म्हणजे २५ जण तरी तिन्हीत उरतातच. जास्तीत जास्त अर्थात ७०.

तरी अशा प्रश्नात पण गोल एकदम टाकाऊ नाहीत. मागच्या आठवड्यात मी वरचंच उदाहरण घेतलं, तिन्हीचा १० पुसला आणि तिथे क्ष लिहिलं, की बाकी आकडे तेच ठेवून क्ष किती होऊ शकतो. सगळ्यात लहान जोडी २० ची, म्हणून मी ठोकून दिलं २०. मग तुकडे भरले, फक्त गाणी १५ अधिक क्ष, फक्त सिनेमा १० अधिक क्ष, फक्त पुस्तकं ५ अधिक क्ष, पाकळ्या ३० वजा क्ष, २० वजा क्ष, २५ वजा क्ष, सगळं मिळून १०५ अधिक क्ष, आणि बाहेर उरले १५ वजा क्ष. म्हणजे १५ च्या वर जाताच येत नाही, बाहेरची माणसंच संपतात. चौकटीच्या कोपऱ्यातला तो आकडा मी इतके महिने सगळ्यात शेवटी, जागा उरली तर लिहीत होते. आता सगळ्यात आधी चौकट काढते.