आठ महिने, दोन बाजू: सूझी अँड द बॅन्शीजचा ‘वन्स अपॉन अ टाइम’

ही रेकॉर्ड मी गेल्या ऑक्टोबरात घेतली. ‘वन्स अपॉन अ टाइम: द सिंगल्स’, सूझी अँड द बॅन्शीज या ब्रिटिश बँडच्या गाण्यांचा संग्रह, पॉलिडोर कंपनीचा, डिसेंबर १९८१. जुनी, कुणीतरी भरपूर वाजवलेली. दहा गाणी, आणि त्यातली सात-आठ मला तोंडपाठ, कारण लोकलच्या प्रवासात फोनवर ती कितीतरी वर्षं ऐकत आलेय. तरी पैसे मोजले. आठ महिने आठवड्यातून दोनदा तरी लावली आणि आता लिहायला बसले, कारण ही दहा गाणी या क्रमाने, मध्ये उठून रेकॉर्ड पालटून ऐकताना जे कळलं ते मला फोनवर कधीच कळलं नव्हतं.

ते म्हणजे, पहिल्या बाजूवर एक बँड आहे आणि दुसऱ्या बाजूवर दुसराच.

गाणारी सूझी तीच, बास गिटारवर स्टीव्हन सेव्हरिन तोच. पण पहिल्या पाच गाण्यांत गिटार जॉन मॅकेची आणि ड्रम्स केनी मॉरिसचे. ७ सप्टेंबर १९७९ ला, दुसरा अल्बम नुकता दुकानात आलेला असताना, हे दोघे दौरा सोडून निघून गेले. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला त्या दिवशी रेकॉर्डच्या दुकानात सह्या देण्याचा कार्यक्रम होता, तिथे भांडण झालं, आणि रात्रीच्या कार्यक्रमाला दोघांचा पत्ता नाही. आधी वाजवणाऱ्या द क्युअर या बँडने आपला कार्यक्रम लांबवला, सूझी आणि सेव्हरिन स्टेजवर येऊन लोकांशी बोलले. पुढे दौरा पुन्हा सुरू झाला तेव्हा ड्रम्सवर द स्लिट्स या बँडमधून आलेला बजी होता, आणि क्युअरचा रॉबर्ट स्मिथ रोज रात्री आधी स्वतःच्या बँडबरोबर आणि मग यांच्याबरोबर असा दोनदा उभा राहत होता. त्यानंतर मॅगझिन या बँडमधला जॉन मॅकगिओक गिटारवर आला. दुसऱ्या बाजूची पाचही गाणी त्याची आणि बजीची.

फोनवर पाचवं गाणं संपून सहावं सुरू व्हायला दोन सेकंद लागतात. इथे सुई उचलायची, रेकॉर्ड कडेला धरून पालटायची, ब्रश फिरवायचा, सुई परत टेकवायची. हे अर्धं मिनिट शांततेचं असतं, आणि दर वेळी मला त्या अर्ध्या मिनिटात अ‍ॅबरडीन आठवतं. बँड मोडला असता तर ही दुसरी बाजू जन्मालाच आली नसती.

पहिल्या बाजूकडे वळते. ‘हाँगकाँग गार्डन’ हे त्यांचं पहिलं सिंगल (एक मुख्य गाणं घेऊन निघणारी छोटी रेकॉर्ड), ऑगस्ट १९७८, ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत सातव्या नंबरावर गेलेलं. मी लंडनच्या आग्नेय भागात, ब्रॉम्लीजवळ राहते. सूझी याच पट्ट्यातली, चिझलहर्स्टची, आणि गाण्याचं नाव तिथल्या हाय स्ट्रीटवरच्या चायनीज टेकअवेवरून आलंय. तिथे काम करणाऱ्यांना स्किनहेड, म्हणजे डोकी भादरलेली दंगेखोर पोरं येऊन छळायची, ते बघून चिडून हे गाणं लिहिलं असं तिने सांगितलंय. त्या रस्त्याने मी भाजीची पिशवी घेऊन कितीदा तरी गेलेय. घरं, झाडं, बेकरी, सगळं अगदी शांत. या शांत उपनगरातली मुलगी सप्टेंबर १९७६ मध्ये लंडनच्या १०० क्लबच्या स्टेजवर एकही गाणं बसवलेलं नसताना चढली, ड्रम्सवर पुढे सेक्स पिस्टल्समध्ये गेलेला सिड व्हिशस, आणि वीसेक मिनिटं ‘लॉर्ड्स प्रेयर’ या ख्रिस्ती प्रार्थनेचीच तोडमोड करत राहिली. दोन वर्षांत तिथून हे गाणं निघालं. हेतू चांगला असला तरी त्यातले चिनी माणसांबद्दलचे काही शब्द आज कानाला बोचतात, मला परक्या देशात राहणारी म्हणून जास्तच बोचतात. हे लपवून शिफारस करणं मला पटत नाही.

आवाजाबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइटने मॉरिसकडून आधी ड्रम्सपैकी नुसते पायाने वाजणारा बेस ड्रम आणि कडक आवाजाचा स्नेअर वाजवून घेतले. बाकीचे ढोल (टॉम) आणि झांजा नंतर वेगळ्या. हे वाचल्यावर मी चांगले हेडफोन लावून बसले आणि पहिल्यांदा नीट ऐकलं: प्रत्येक ठोका सुटा पडतो, त्याच्या भोवती मोकळी जागा असते, आणि वर झायलोफोनची ती खट्याळ सुरावट. रिकाम्या खोलीत कुणीतरी दार आपटावं तसा तो स्नेअर. पंक म्हणजे सगळं एकावर एक रचलेलं, दणदणाट, अशी माझी समजूत होती, ती इथे मोडली.

‘मिराज’ हे सिंगल नव्हतंच, पहिल्या अल्बमची चव म्हणून घेतलेलं दिसतं. चांगलं आहे, पुढे जाऊ. ‘द स्टेअरकेस’ मला महिनाभर नुसतं ठीक वाटलं, आता अधूनमधून गुणगुणते. ‘प्लेग्राउंड ट्विस्ट’ मात्र अवघड. चर्चच्या घंटांनी सुरू होतं आणि मग झोके घेत गरगरत राहतं, शाळेच्या मैदानावर एकट्या पडलेल्या मुलाच्या पोटात गोळा यावा तसं. असलं गाणं सिंगल म्हणून काढायची हिंमत १९७९ मध्ये एका मोठ्या कंपनीने केली आणि ते २८व्या नंबरापर्यंत गेलं, याचं मला अजून नवल वाटतं. ‘लव्ह इन अ व्हॉइड’ त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांतलं. त्यातली ज्यूंबद्दलची एक हिणकस ओळ रेकॉर्डवर बदललेली आहे. ती मुळात तिथे असायलाच नको होती.

आता दुसरी बाजू. ‘हॅपी हाउस’ सुरू होतं तेव्हा मॅकगिओकची गिटार थेंब पडावेत तशी लुकलुकते, आणि बजीचे ड्रम्स धक्का देण्याऐवजी नाचतात. मॅके गिटार खरवडतो, तिची धार दाखवतो, मॅकगिओक विणतो. ‘क्रिस्टीन’ हे क्रिस सायझमोर या अमेरिकन बाईवरचं, जिच्यात अनेक व्यक्तिमत्त्वं नांदत होती. गाणं त्यांची एकेक नावं घेत जातं, आणि सूझी ती नावं अशी म्हणते की प्रत्येकीला एक चेहरा मिळतो.

‘स्पेलबाउंड’बद्दल बरंच बोललं गेलंय. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या वेबमालिकेच्या चौथ्या सीझनच्या शेवटी वाजल्यावर नव्या पोरांनीही ते शोधून काढलं. मला सांगायचंय ते त्यातल्या अकूस्टिक गिटारबद्दल. फोनच्या स्पीकरवर ती नुसती सळसळ वाटते. रेकॉर्डवर, आवाज थोडा वाढवून, ती एखाद्या तालवाद्यासारखी ड्रम्सच्या अंगाअंगाने धावताना ऐकू येते. या गाण्याला लोक गॉथचं, म्हणजे अंधाऱ्या, उदास वळणाच्या रॉकचं मूळ म्हणतात. बँडने तो शिक्का कधी आवडीने लावून घेतला नाही, आणि ही बाजू ऐकली की त्यांचं बरोबर वाटतं. इथे अंधार आहे, पण मरगळ कुठेच नाही.

माझं सगळ्यात आवडतं ‘इस्रायल’. नोव्हेंबर १९८०, यादीत जेमतेम ४१वं. सेव्हरिनचा बास एकाच वाटेने चालत राहतो, गिटार वर थंडगार तारा ओढते आणि शेवटाकडे वेल्श गायकांचा कोरस हळूच मागून उगवतो. डिसेंबरात साडेतीनला अंधारायला लागलं की मी हेच लावायचे. रात्रीचा स्वयंपाक करताना कणीक मळायचे हात थांबायचे त्या कोरसला. शेवटचं ‘अरेबियन नाइट्स’ चालीने सुंदर आहे, पण त्यातलं अरबस्तान पोथीतलं वाटतं, त्यामुळे बाजू संपताना मन थोडं मागे ‘इस्रायल’पाशीच राहतं.

घ्यावी का? घ्यावी, आणि त्याला एक व्यवहाराचं कारणही आहे. ‘हाँगकाँग गार्डन’, ‘द स्टेअरकेस’, ‘लव्ह इन अ व्हॉइड’ आणि ‘इस्रायल’ ही चार गाणी ब्रिटनमध्ये निघालेल्या मूळ अल्बमांवर नव्हतीच. अल्बम सगळे जमवलेत तरी ही चार सुटतात.

उणिवाही सांगते. ‘मिटागाइझेन’ वगळलंय, ते ‘लव्ह इन अ व्हॉइड’बरोबर एकाच सिंगलवर निघालेलं असताना. सिंगल्सच्या मागच्या बाजूंची गाणी एकही नाही. ‘क्रिस्टीन’च्या मागचं ‘ईव्ह व्हाइट, ईव्ह ब्लॅक’ इथे असायला हवं होतं. आणि जुनी प्रत घेणाऱ्यांनो, “उत्तम स्थिती” या शब्दांवर जाऊ नका. माझ्या प्रतीबद्दल विकणाऱ्याने तसंच लिहिलं होतं, आणि ‘क्रिस्टीन’मध्ये सतत चर्रचर्र यायची. आतलं कव्हरही नव्हतं, नुसत्या पुठ्ठ्यात घासत आलेली. डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एक थेंब घालून, मऊ फडक्याने खोबणीच्या दिशेने पुसून, दोनदा धुतली तेव्हा बरीचशी खरखर गेली. एक चरा राहिलाय, दुसऱ्या कडव्याच्या आधी टक् करतो. त्याची आता सवय झालीय.

मार्चमध्ये याचा पुढचा भाग, १९९२ चा ‘ट्वाइस अपॉन अ टाइम’, घेतला. तो सीडीवर. त्यात १९८३ मध्ये तिसऱ्या नंबरावर गेलेलं ‘डिअर प्रूडन्स’ आहे, आणि १९९१ चं ‘किस देम फॉर मी’, ज्यात तलविन सिंगचा तबला आहे. ते लागलेलं असताना सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. बहिणीच्या सोसायटीतल्या पाण्याचं काहीतरी सांगत होती, मध्येच थांबली. म्हणाली, “मागे तबला वाजतोय का गं?” मी हो म्हटलं. “मग थांब,” ती म्हणाली, “जरा ऐकू दे,” आणि फोन कानाला लावल्यामुळे पुढची दोन मिनिटं मला स्क्रीनवर नुसता तिचा कान दिसत होता.