रोमचे मतदान, रोमचे धान्य आणि ब्रह्मपुरीची टेकडी : एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

प्राचीन रोममधील समाज, राजकारण आणि संस्कृती या विषयावर कोल्हापुरात राजारामपुरीतील एका लहान सभागृहात दर रविवारी सकाळी भरणारा मराठी अभ्यासवर्ग नुकताच पूर्ण झाला. त्याचे शुल्क बाराशे रुपये होते, त्यात छापील टिपणे आणि सकाळचा चहा मिळत असे, आणि शिकवणाऱ्या बाई इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. वर्गाला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले होती, तसेच निवृत्त शिक्षक, वकील आणि गांधीनगरच्या पेठेतले काही व्यापारीही होते. पुढच्या तुकडीत नाव घालावे की नाही असे अनेकांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो : रोमची राज्ययंत्रणा प्रत्यक्षात कशी चालत होती हे इतक्या नीटपणे समजावणारा मराठी वर्ग मी आजवर पाहिलेला नव्हता. मात्र ज्यांच्या कष्टांवर ती यंत्रणा उभी होती, त्यांना या वर्गाने दिलेला वेळ फारच अपुरा आहे.

वर्गाची मांडणी सम्राटांच्या क्रमाने नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. नीरो, कॅलिग्युला यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी बाईंनी जवळपास सांगितल्याच नाहीत. पहिल्याच सत्रात त्यांनी प्रश्न ठेवला तो असा, की राजाला हाकलून दिल्यावर, म्हणजे परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ नंतर, सत्ता पुन्हा एका माणसाच्या हाती जाऊ नये यासाठी रोमन लोकांनी काय काय व्यवस्था केली. दर वर्षी दोन कॉन्सल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडायचे, दोघांचा अधिकार सारखा ठेवायचा आणि एकाला दुसऱ्याचा निर्णय अडवता यावा, ही रचना त्यांनी आधी कोरडेपणाने सांगितली, आणि मग प्लेबियन म्हणजे सामान्य नागरिक कर्जाच्या जाचाला कंटाळून इ.स.पू. ४९४ मध्ये शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले, हा प्रसंग घेतला. त्यातून निर्माण झालेले ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांच्या रक्षणकर्त्याचे, पद मला पुस्तकांतून नावापुरतेच माहीत होते. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे हा देवाधर्माचा अपराध मानला जाई, त्याला अधिकाऱ्यांचे निर्णय रोखता येत, आणि मदत मागायला येणाऱ्यासाठी त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असावे असा दंडक होता. हा तपशील ऐकल्यावर ते पद म्हणजे एक जिवंत माणूस असल्यासारखे डोळ्यांपुढे उभे राहिले. बारा पाट्यांच्या, म्हणजे रोमच्या सर्वांत जुन्या लिखित कायद्यातली कर्जवसुलीची कलमेही त्याच दिवशी झाली. कर्ज कबूल केलेल्या ऋणकोला ३० दिवसांची मुदत मिळत असे आणि त्यानंतर धनको त्याला पकडून नेऊ शके, हे ऐकताना वर्गातले वकील मंडळी वहीतून डोके वर काढीत नव्हती.

या वर्गातले सर्वोत्तम सत्र मतदानाचे होते आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. रोममध्ये कॉन्सलची निवड ज्या सभेत होई, तिथे एका माणसाला एक मत अशी मोजणी नव्हती. नागरिकांचे संपत्तीनुसार १९३ गट, म्हणजे शतके, केलेली असत आणि प्रत्येक शतकाचे मिळून एकच मत धरले जाई. सुरुवातीच्या रचनेत घोडदळाची १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाची ८० शतके होती, म्हणजे ९८ मते अगदी मूठभर लोकांच्या हातात होती, तर ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा साऱ्यांना मिळून एकच शतक. मतदान वरून सुरू होई आणि बहुमत झाले की तिथेच थांबे. बाईंनी हे फळ्यावर लिहून सोडून दिले नाही. त्यांनी चिठ्ठ्या वाटून आम्हा सर्वांचे गट पाडले, पुढच्या रांगांत थोडी माणसे पण जास्त शतके ठेवली, मागे दाटीवाटीने उरलेल्यांना बसवले आणि दोन उमेदवारांसाठी मतदान घेतले. मागच्या तीन रांगांचे नाव पुकारले जाण्याआधीच निकाल जाहीर झाला. मागे बसलेल्या एका मुलीने उभे राहून विचारले, “बाई, मग आम्ही आलोच कशाला?” बाईंनी त्यावर घाईघाईने निष्कर्ष काढला नाही. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात पहिल्या वर्गाची शतके ८० वरून ७० वर आणली गेली, इ.स.पू. २८७ नंतर प्लेबियनांच्या सभेचे ठराव सर्व नागरिकांवर बंधनकारक झाले आणि इ.स.पू. १३९ मध्ये निवडणुकीत गुप्त मतदान आले, असा त्या प्रश्नाचा पुढचा प्रवास त्यांनी मांडला. रोमला सरसकट लोकशाही म्हणणे आणि सरसकट श्रीमंतांचा खेळ म्हणणे, ही दोन्ही मते त्या तासात आमच्या मनातून सुटली.

पाँपेईच्या भिंतींवरचा भागही याच सत्रात होता. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहराच्या भिंतींवर अडीच हजारांहून अधिक निवडणूक घोषणा रंगवलेल्या सापडल्या आहेत. फळविक्रेते, खेचरवाले, शेजारीपाजारी अशांनी आपापल्या उमेदवाराची शिफारस केली आहे, आणि मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रियांची नावेही पाठिंबा देणाऱ्यांत आहेत. बाईंनी छायाचित्रे मोठी करून दाखवली हे चांगले झाले, पण पडदा इतका लहान होता की चौथ्या रांगेपलीकडे अक्षरे दिसत नव्हती. नकाशांच्या बाबतीतही हीच अडचण वारंवार आली, आणि शुल्क घेऊन चालवलेल्या वर्गात ती सहज टाळता आली असती.

धान्यावरचे सत्र मला व्यक्तिशः सर्वांत मोलाचे वाटले. फुकटचे धान्य आणि खेळ देऊन सम्राटांनी जनतेला आळशी बनवले, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. बाईंनी ते थेट आकड्यांवर तपासले. टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने इ.स.पू. १३३ मध्ये सार्वजनिक जमिनीच्या ताब्यावर मर्यादा आणू पाहिली आणि त्याचा खून झाला. त्याचा भाऊ गायस याने इ.स.पू. १२३ मध्ये नागरिकांना ठरावीक स्वस्त दराने धान्य देण्याचा कायदा केला, आणि इ.स.पू. ५८ मध्ये क्लोडियस या ट्रिब्यूनने ते मोफत केले. मिळणारे धान्य महिन्याला पाच मोडियस, म्हणजे सुमारे ३३ किलो होते. एका माणसाला ते पुरून उरेल, पण बायकामुलांच्या घराला पुरणार नाही. शिवाय भाडे, तेल आणि जळण विकतच घ्यावे लागे, म्हणून धान्य मिळते म्हणून काम सोडून बसण्याची सोय त्यात नव्हती. ते केवळ यादीत नाव असलेल्या पुरुष नागरिकांना मिळे, दास आणि परदेशी लोक त्यातून बाहेरच होते.

वर्गात रास्त भाव धान्य दुकान चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी विचारले की खोटी नावे गाळण्याची काय सोय होती. हा प्रश्न इतका नेमका होता की बाईंनी पुढचा सगळा क्रम बाजूला ठेवला. ज्युलियस सीझरने लाभार्थ्यांची मोजणी नेहमीच्या ठिकाणी न घेता गल्लोगल्ली, भाड्याच्या इमारतींच्या मालकांमार्फत करवली आणि यादी ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली. पुढे मृत लाभार्थ्यांच्या जागी दर वर्षी चिठ्ठ्या टाकून नवी नावे घेण्याचे ठरले. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात ही संख्या सुमारे दोन लाखांवर स्थिरावली. इजिप्त, उत्तर आफ्रिका आणि सिसिली येथून गलबतांनी येणारे हे धान्य वेळेत पोहोचले नाही तर रोममध्ये दंगल होई, आणि म्हणूनच धान्यपुरवठ्याचा अधिकारी हे बादशाही काळातले अत्यंत वजनदार पद झाले. राजकारण हे भाषणांइतकेच गोदामांतूनही चालते हे बाईंनी एकदाही त्या शब्दांत न सांगता दाखवून दिले.

आश्रयदाता आणि आश्रित यांच्या नात्यावरचे सत्र ठीक झाले. पहाटे मोठ्या माणसाच्या ओसरीवर जमणारे आश्रित, त्यांना मिळणारी शिधा किंवा पैसे, आणि त्या बदल्यात मतदानात व न्यायसभेत द्यायची साथ, एवढा गाभा व्यवस्थित पोहोचला. ऑगस्टसचे सत्रही ठीक होते. सिनेट म्हणजे उमरावांची सल्लागार सभा, कॉन्सल, नागरिकांच्या सभा सगळे तसेच ठेवून इ.स.पू. २७ नंतर आणि विशेषतः इ.स.पू. २३ मध्ये ट्रिब्यूनचे अधिकार कायमचे स्वतःकडे घेऊन त्याने राज्य कसे एकहाती केले, हे पहिल्या सत्राशी जोडून सांगितल्यामुळे चटकन कळले.

माझी खरी तक्रार दास आणि स्त्रियांवरच्या सत्राविषयी आहे. हे दोन्ही विषय आणि कुटुंबव्यवस्था अशा तिन्ही गोष्टी एकाच सकाळी उरकण्यात आल्या. दासांच्या वाट्याला स्पार्टाकस या दास योद्ध्याचे बंड आले, तेही गोष्टीसारखे : इ.स.पू. ७३ ते ७१, आणि अखेरीस कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर उभारलेले ६,००० क्रूस. पण बंड हा अपवाद होता आणि रोजचे दास्य हा नियम होता. इ.स. ६१ मध्ये पेडानियस सेकुंडस या नगराधिकाऱ्याचा त्याच्याच एका दासाने खून केला, तेव्हा जुन्या प्रथेनुसार त्या घरातल्या चारशे दासांना, त्यांत स्त्रिया आणि मुले असतानाही, मृत्युदंड द्यावा की नाही यावर सिनेटमध्ये चर्चा झाली. बाहेर सामान्य लोकांनी विरोध केला, तरी शिक्षा रस्त्यावर सैनिक उभे करून अमलात आणली गेली. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नोंदवलेला हा एकच प्रसंग नीट वाचला असता तर कायदा, भीती, सिनेटचा स्वभाव आणि गर्दीची माणुसकी हे सगळे एकाच ठिकाणी समजले असते. त्याचप्रमाणे रोमन नागरिकाने विधिपूर्वक मुक्त केलेला दास नागरिक होत असे, आणि त्याच्या मुलांना पदांवर जाण्याची वाट खुली असे, ही रोमची अत्यंत वेगळी रीतही दोन वाक्यांत संपवणे योग्य नव्हते. इ.स.पू. ४२ मध्ये श्रीमंत स्त्रियांवर युद्धकर लादला गेला, तेव्हा हॉर्टेन्सिया या स्त्रीने भर चौकात उभे राहून, ज्यांना पदे नाहीत आणि राज्यात वाटा नाही त्यांनी कर का द्यावा, असा सवाल केला आणि करपात्र स्त्रियांची संख्या १,४०० वरून ४०० वर आणायला लावली. ती केवळ टिपणांत एका ओळीत आहे. मी सत्रानंतर हे बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या तुकडीत या विषयाला दोन रविवार देण्याचा विचार करू असे सांगितले. तसे झाले तर हा वर्ग कितीतरी उंचावेल.

खेळांविषयीच्या तासाला आमच्या खासबाग या कुस्ती मैदानाचा उल्लेख होणे अटळ होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे कलोझियम पाहिले आणि त्यावरून खासबागची कल्पना घेतली असे कोल्हापुरात सर्वत्र सांगितले जाते, आणि ते ऐकताना प्रत्येकाची मान ताठ होते. बाईंनी त्याला एक महत्त्वाची जोड दिली. इ.स. ८० मध्ये खुल्या झालेल्या कलोझियममध्ये बसायच्या जागा दर्जाप्रमाणे ठरलेल्या होत्या. सिनेटर अगदी पुढे आणि बहुतेक स्त्रिया सर्वांत वर, दूर. तिथले प्रेक्षागार म्हणजे समाजाचा दगडात बांधलेला नकाशाच होता. तिथे झुंजी लढणारे ग्लॅडिएटर मात्र बहुतांशी दास किंवा कैदी होते, आणि मातीला पाया पडून हौद्यात उतरणाऱ्या आपल्या मल्लाची प्रतिष्ठा त्यांच्या वाट्याला कायद्याने कधीच आली नाही.

शेवटचे सत्र टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात झाले आणि केवळ त्यासाठीही हा वर्ग करावा असे मी म्हणेन. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात कांस्याच्या वस्तूंचा साठा मिळाला, आणि १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्या साठ्यातली पोसायडन या समुद्रदेवतेची मूर्ती वीतभरही उंच नाही, पण तिचा तोल, उचललेला हात आणि अंगाची ठेवण पाहून ती भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरून इथे आली हे कोणालाही पटावे. तिच्यासमोर उभे राहून बाईंनी व्यापाराचा हिशेब मांडला. भारताकडे दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात असे थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इ.स. पहिल्या शतकात लिहिले आहे, आणि त्याच काळात रोमन पायदळातील सैनिकाला वर्षाला ९०० सेस्टर्स मिळत. म्हणजे ही रक्कम पंचावन्न हजारांहून अधिक सैनिकांच्या वर्षभराच्या पगाराएवढी होते. प्लिनीला श्रीमंतांच्या चैनीचा राग होता, म्हणून त्याचा आकडा जपून वापरावा, हेही त्यांनी लगेच सांगितले. पूर्वेकडून येणाऱ्या मालावर रोमन सरकार २५ टक्के जकात घेई, त्यामुळे सातवाहनांच्या मुलखातून पैठण, तेर अशा पेठांमार्गे बंदरांत जाणारा माल रोमच्या खजिन्यालाही भरत होता. इतकी वर्षे या शहरात राहणाऱ्या काही जणांनी ती मूर्ती त्या दिवशी प्रथमच पाहिली. या भेटीसाठी मोजका तासभरच ठेवला होता, तो दुप्पट हवा होता.

टिपणे स्वच्छ मराठीत आहेत, सनावळी अचूक आहे, पण पुढे काय वाचावे याची यादी त्यांत नाही आणि ती द्यायलाच हवी. परीक्षेपुरते मुद्दे हवे असलेल्या विद्यार्थ्यांना वर्गाची गती संथ वाटेल. ज्यांना विषय समजून घ्यायचा आहे त्यांना बाराशे रुपये मुळीच जास्त वाटणार नाहीत. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. पडदा दिसावा म्हणून लवकर येऊन पुढच्या रांगेत बसावे, आणि काही कारणाने एखादे सत्र चुकणारच असेल तर ते मतदानाचे किंवा धान्याचे नसावे.