रुबिडियम की डिस्प्रोसियम : पीएचडीला कोणता अणू?

कलिना किंवा पवईतून एमएस्सी करून अतिशीत अणूंकडे (लेझरने निरपेक्ष शून्य तापमानाच्या अगदी जवळ थंड केलेले अणू) वळणाऱ्यांनी गाइडच्या नावाआधी अणूचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. पुढची पाच-सहा वर्षं त्याच्याच सोबतीत जातात.

रुबिडियम हाताळायला सोपा. १९९५ साली पहिलं बोस-आइन्स्टाइन संघनन (अतिथंडीत सगळे अणू एकाच क्वांटम अवस्थेत जाणं) त्याचंच झालं. लागणारे ७८० नॅनोमीटरचे लेझर सहज मिळतात, आणि कुठे अडलं तर तीच अडचण सोडवलेला कुणी ना कुणी भेटतोच. मात्र हे अणू जवळजवळ एकमेकांवर आदळले तरच परस्परांची दखल घेतात.

डिस्प्रोसियमचं चुंबकत्व सुमारे १० बोर मॅग्नेटॉन (अणूचं चुंबकत्व मोजायचं एकक), रुबिडियमचं १. चुंबकी बळ वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणजे इथे शंभरपट. तेही दुरून, आणि दिशेनुसार वेगळं. एकामागे एक असलेले अणू एकमेकांना ओढतात, शेजारी-शेजारी असलेले ढकलतात. या ओढीने अणूंचा ढग कोसळायला हवा, पण क्वांटम चढउतार (अतिथंडीतही पूर्ण न थांबणारी सूक्ष्म हालचाल) त्याला सावरतात आणि त्याचे थेंब होतात. स्टुटगार्टच्या गटाने हे २०१६ मध्ये दाखवलं. २०१९ मध्ये पिसा, स्टुटगार्ट आणि इन्सब्रुक इथे सुपरसॉलिड दिसला : स्फटिकासारखी रचना, तरी घर्षणाविना वाहणारा! माझं मन इथेच अडकलं आहे.

रुबिडियमलाही रिडबर्ग अवस्थेत (बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून खूप दूर गेलेली उत्तेजित अवस्था) नेऊन दुरून बोलतं करता येतं. पण ती अवस्था साधारण शंभर मायक्रोसेकंदांत विझते. डिस्प्रोसियम मूळ अवस्थेतच चुंबक असल्याने प्रयोगाला निवांत वेळ मिळतो.

त्याची किंमतही मोजावी लागते. बाराशे अंशांच्या आसपास तापवलेली भट्टी, ४२१ आणि ६२६ नॅनोमीटरचे लेझर, आणि फेशबाख अनुनादांची (ठरावीक चुंबकी क्षेत्राला अणूंच्या टकरी एकदम तीव्र होतात ती ठिकाणं) इतकी दाटी की चुंबकी क्षेत्र जरा हललं तरी अणू निसटतात. एर्बियम (७ बोर मॅग्नेटॉन) याच वाटेवरचा, थोडा सौम्य.

क्वांटम संगणन, अणुघड्याळं किंवा संवेदक करायचे असतील तर रुबिडियम घ्या. मुंबईत राहायचं असेल तरी तोच सोयीचा, कारण केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं संवेदनाचं केंद्र आयआयटी मुंबईतच आहे. द्रव्याच्या नव्या अवस्था पाहायच्या असतील, तर पहिलं वर्ष निर्वात यंत्रणेत गेलं तरी डिस्प्रोसियमच घ्या. मुलाखतीत एवढं विचाराच : संघनन आज रोज मिळतं का, चुंबकी क्षेत्र किती स्थिर आहे, आणि यंत्र उभारणारे सीनियर अजून किती दिवस तिथे आहेत?