पावसाळ्यात गोळ्या कुठे ठेवाव्यात: सात कप्प्यांची डबी की मूळ पट्टी?

घरात रोज पाच-सहा गोळ्या घेणारं माणूस असलं की हा प्रश्न कधीतरी येतोच. रविवारी बसून आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवायच्या, की त्या पट्टीतच राहू द्यायच्या आणि वेळ झाली की तेवढी एक फोडायची? आमच्याकडे दोन्ही करून झालंय. डबी तीन वर्षं वापरली, त्यानंतरचे दोन पावसाळे पट्ट्यांवर काढले.

आधी डबीची बाजू मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. आई ब्याऐंशीची. "बीपीची गोळी घेतलीस का?" विचारलं की उत्तर येतं, "घेतली वाटतं." त्या 'वाटतं'चं काय करायचं? डबीत मंगळवार-सकाळ रिकामं दिसलं की विषय संपतो. पट्टीत चार गोळ्या कमी दिसल्या, तर त्यातली शेवटची आजची की कालची, हे देवच जाणे. ताई नागपूरला असते. तिच्या सासूबाईंची डबी वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललीय आणि "तू उगाच बाऊ करतोस" असं ताईचं मत आहे. तिच्या घरी ते बरोबरही असेल. एप्रिल-मेमध्ये तिच्याकडे सकाळी तळलेला पापड उघडा राहिला तरी रात्री कुरकुरीत असतो. आम्ही चिपळूणला राहतो. जुलैत इथे पापड ताटात पडेपर्यंत सादळतो. आमचं आर्द्रता मोजायचं यंत्र तेच.

डबीवरून माझं मन उडालं ते एका गोळीमुळे. आईला फिटसाठी सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू झालं आणि त्या पावसाळ्यात ही गोळी डबीच्या कप्प्यात तळाला चिकटायला लागली. रविवारी भरलेली सोमवारी ठीक, मंगळवारी जरा ओलसर, गुरुवारी चिमट्याने खरवडून काढावी लागायची. वरचं गुळगुळीत आवरण प्लास्टिकला आणि उरलेली गोळी हातात. पहिल्यांदा वाटलं, आईचा ओला हात लागला असेल. दुसऱ्या आठवड्यात डबी पुसून, उन्हात ठेवून (ऊन अर्धा तासच मिळालं) भरली. पुन्हा तेच. मग रोज सकाळी तोच प्रश्न, की डबीला चिकटून राहिली किती आणि आईच्या पोटात गेली किती? व्हिटॅमिनची गोळी असती तर सोडून दिलं असतं. फिटच्या गोळीचा हिशेब असा अंदाजपंचे मांडता येत नाही.

नंतर कळलं की दोष डबीच्या कंपनीचा नव्हताच. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतलं पाणी इतकं ओढतं, की उघड्यावर ते स्वतःच ओलं होतं. म्हणून ही गोळी घेईपर्यंत फॉइलमधून काढू नका, अशी सूचना तिच्या माहितीपत्रकात असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या डाबिगाट्रानच्या कॅप्सूलबाबत तर डबीत भरू नका, असं स्पष्टच लिहिलेलं असतं. ॲस्पिरिन ओलाव्याने हळूहळू तुटतं आणि त्यातून सॅलिसिलिक आम्ल व ॲसिटिक आम्ल तयार होतं. जुन्या ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा वास येतो तो या दुसऱ्यामुळे. अँटिबायोटिकमधलं क्लॅव्ह्युलॅनिक आम्लही ओलाव्याला असंच हळवं. आणि मूळ औषध टिकाऊ असलं तरी गोळीत आणखी काही असतंच. पोटात गेल्यावर ती फुटावी म्हणून जे घटक घातलेले असतात, ते पाणी शोषून फुगणारेच असतात. कप्प्यातल्या दमट हवेत त्यांचं काम आधीच सुरू होतं.

म्हणजे सगळ्याच गोळ्या बिघडतात असं नाही. आमच्याकडे बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी तीन पावसाळे डबीत होती, डोळ्यांना तरी काही फरक दिसला नाही. पण डोळ्यांना सगळं दिसतं असंही नाही.

पट्टीची बाजू घेतली तरी सगळ्या पट्ट्या सारख्या नसतात. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली, जिला मेडिकलवाले अ‍ॅलू-अ‍ॅलू म्हणतात, तिच्यातून ओलावा जवळजवळ जात नाही. आतली गोळी दिसते अशा पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीतून तो अगदी सावकाश का होईना, जातो. तरीही ती उघड्या कप्प्यापेक्षा कितीतरी बरी. शिवाय पट्टीवर छापलेली मुदत बंद पट्टीपुरतीच असते. गोळी डबीत टाकली की ती तारीख तिच्यापुरती कागदावर राहते.

मधला मार्गही करून पाहिला. पट्टी कात्रीने कापून एकेक गोळी आवरणासकट डबीत टाकायची. सादळणं थांबलं, हिशेबही राहिला. पण कापलेले कोपरे बोचरे असतात, आणि वयस्क माणसांनी आवरणासकट गोळी गिळल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. आईची नजर बघता आम्ही तो नाद सोडला. कात्री जरा आत गेली की सीलच उघडतं, हे वेगळंच.

आता आमच्याकडे घट्ट झाकणाचे दोन स्टीलचे डबे आहेत, एक सकाळचा, एक रात्रीचा. आत अख्ख्या पट्ट्या आणि सिलिका जेलच्या दोन नव्या पुड्या. बुटांच्या खोक्यातली पुडी उचलून टाकू नका, ती बहुधा आधीच पाणी पिऊन बसलेली असते. मिठाच्या बरणीतली तांदळाची युक्तीही इथे नको, पोरकिडे येतात. फ्रिज तर नकोच. डॉक्टरांनी सांगितलेलं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी गार पट्टी बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. हिशेबासाठी पट्टीच्या पाठीवर मार्करने प्रत्येक गोळीमागे वार लिहितो. चौदा गोळ्यांना दोन मिनिटं लागतात. डबीइतकं ते झटकन दिसत नाही, हे कबूल. आईला अजूनही चष्मा शोधावा लागतो.

तुम्ही नागपूर-अकोल्याकडे असाल, घरात विसराळूपणा ही मोठी अडचण असेल आणि गोळ्या साध्या असतील, तर मी डबीला नाही म्हणणार नाही. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात जून ते सप्टेंबर मात्र माझं मत पट्टीलाच. त्यातूनही डबी हवीच असेल तर सात दिवसांची न भरता दोन-तीन दिवसांचीच भरा, आणि कुठली गोळी पट्टीबाहेर चालते हे फार्मासिस्टला एकदा यादी दाखवून विचारा. थायरॉइडची गोळी बाटलीत मिळत असेल तर ती बाटलीतच राहू द्या. ओलावा आणि उजेड दोन्ही तिला मानवत नाहीत. बाटलीत वर कापूस असेल तर तो पहिल्याच दिवशी काढून टाका, तो ओलावा धरतो. आतली सिलिका जेलची छोटी डबी मात्र तशीच ठेवा. आमच्याकडे पहिल्या बाटलीच्या वेळी नेमकं उलटं झालं होतं.